बाईंनी केलेली विरळणी
इथल्या बाजारात हातगाडीवर द्राक्षं दिसली, की मला सातवीतल्या गणिताच्या बाई आठवतात. आमची शाळा पिंपळगावजवळची; थंडीत शाळेआधी मी आईबरोबर बागेत विरळणीला जायचे, म्हणजे घडातले दाटीचे मणी कात्रीने काढायला. बाई कडक, रोज ढीगभर गणितं द्यायच्या. त्या दिवशी माझी जेमतेम दोन-तीन झालेली. तशीच वही बाईंपुढे धरली. "बाई, मला नाय जमत. उद्यापासून मी शाळेत येत नाय," म्हणाले आणि रडायलाच लागले. बाईंनी माझ्या बोटांवरचे कात्रीचे घट्टे बघितले. "घडातले मणी का काढता गं?" "राहिलेले फुगावेत म्हणून." त्यांनी लाल पेनने निम्म्याहून जास्त गणितं खोडली. "ही झाली विरळणी. पण राहिलेल्यांत एकही पायरी गाळलेली मला चालणार नाही." मागून एकजण ओरडला, "बाई, माझीपण खोडा की!" "तू आधी बाग तर लाव, मग विरळू," बाई म्हणाल्या, वर्ग हसला, रडता रडता मीही हसले. राहिलेल्यांतलं एक गणित बाईंनी मला सुटेपर्यंत पुन्हा पुन्हा करायला लावलं, आणि ते सुटलं. पुढे आठवीनंतर घरच्या अडचणीने शाळा सुटलीच. आता या लांबच्या शहरात कुणी शिक्षण विचारलं, की "आठवी" म्हणताना मी अजून नजर चुकवते. पण गणित जमेना म्हणून शाळा सोडली, असं मला कधी कुणाला सांगावं लागलं नाही.