पाटीवर नाव कुणाचं?

दान गोळा करणाऱ्याकडे पैसा टिकत नाही, किस्से मात्र साठत जातात. पस्तीस सालच्या आसपासची आमची नाशकातली नगरनिधी कमिटीच घ्या. अध्यक्ष डॉक्टर नानासाहेब, चिटणीस तात्या वकील आणि चहा सांगायला मी. देणाऱ्याला गावाची खरी गरज दाखवायची आणि त्याचा पैसा तिथे लावायचा, एवढंच काम. सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं.

मुळात कमिटी निघाली ती पाणपोयांमुळे. पाणपोईवर नाव ठळक दिसतं, म्हणून जो तो पाणपोईच घाली. एका उन्हाळ्यात मेन रोडवर इतक्या झाल्या, की पाणी देणारे रस्त्यात येऊन हाका मारायला लागले, "इकडे या, आमचं वाळ्याचं आहे!" तहानलेला माणूस लाजून तसाच पुढे जाई.

*

मग मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई आल्या. शाळेत संडास नव्हता. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जात आणि हळूहळू यायच्याच बंद होत. माझी मुलगी यमू त्यांतलीच. तिचं शाळेतून नाव काढायचं घरात घाटत होतं आणि मला फार वाईट वाटे. पुढचं दान संडासालाच, असं आम्ही ठरवून टाकलं.

पुढचा दाता भांड्यांचा व्यापारी निघाला. संडास म्हणताच त्याने नाक मुरडलं आणि शाळेला भलीमोठी पितळी घंटा दिली, स्वतःच्या नावासकट. पहिल्या दुपारी ती वाजली, तेव्हा पलीकडच्या कचेरीतले कारकून दप्तरं आवरून घरी गेले.

*

चांदवडचा एक शेतकरी बैलगाडीभर कांदे घेऊन आला. "पैसा नाय, पण कांदा लय हाय. पोरींसाठी घ्या." आम्हाला भरून आलं. लगेच विकले असते तर निदान पाया झाला असता. पण नानासाहेब म्हणाले, जरा भाव चढू द्या. भाव काही चढला नाही, कांदे मात्र ऑफिसातच सडले. पुढच्या मीटिंगा आम्ही रस्त्यावर उभ्याने घेतल्या. इतकी झटपट कामं कमिटीत कधी उरकली नव्हती.

*

मग एक पेन्शनर रावसाहेब कसेबसे तयार झाले. समारंभाची बोलणी निघाली. पाहुणे येतील, हार घालतील, तुम्ही फीत कापायची, असं नानासाहेबांनी समजावलं.

"आणि फीत कापल्यावर?"

तात्या म्हणाले, रीतीप्रमाणे शुभारंभ देणाराच करतो. रावसाहेबांनी आलेला चहाही घेतला नाही.

*

सराफ बाजारातले बापूशेठ आणि आबाशेठ एकमेकांचे व्याही. लग्नात मानपानावरून बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. एका संध्याकाळी बापूशेठ आपणहून आले. संडासाचा सगळा खर्च ते करणार होते, अट एकच.

"पाटीवर नाव आमच्या व्याह्यांचं. अक्षरं मोठी."

नानासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी तात्यांकडे. तात्यांनी कायदा आठवून पाहिला, आडवं काही येत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे यमू होती. आम्ही हो म्हणालो.

संडास उभा राहिला. मुली दिवसभर थांबू लागल्या, यमूही. मला तर रडूच आलं. आम्ही तिघे बाईंबरोबर पाहणी करत होतो, तोच फाटकाशी आबाशेठांचा टांगा थांबला. ते हातातली काठी टेकत थेट आमच्याकडे आले. नानासाहेब हळूच बाईंच्या मागे सरकले.

आबाशेठांनी पाटी सावकाश वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग बाईंना विचारलं, मुलींचं एवढ्यावर भागतं का? बाई खरं तेच बोलल्या, अजून एक हवा.

"बांधा," आबाशेठ म्हणाले. "नाव मी सांगतो."