खिडकीचं चित्र

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही, देवासमोर बसूनही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि जे ओळखतात त्यांचं माझ्याविषयीचं मत फार चांगलं आहे.

क्रमाने सांगते. आधी काय घडलं ते मांडावं, आपल्याला काय वाटलं ते मागाहून — असं मी वर्गात जन्मभर शिकवलं. स्वतःच्या बाबतीत ते जमतं का, बघू.

माझे यजमान पेंटर. जव्हारपासून मोखाड्यापर्यंत दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरची सुवचनं, शिरपामाळकडे वळायचा बाण — बरंचसं काम ह्यांच्या हातचं. पत्र्याची जुनी पाटी हे कधी टाकून देत नसत. तिच्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात मारायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा मारायचा. पाटी पुन्हा कोरी. सुट्टीच्या दिवशी हे काम माझ्याकडे असे. पांढरा रंग सारखा बसवण्यात मी तरबेज आहे, हे लक्षात असू द्या.

मग पक्षाघात झाला. ह्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. अक्षरांवर पोट भरलेल्या माणसाला अक्षर लिहिता येईना — ते डोक्यातूनच निसटलं होतं. तोंडात एकच शब्द उरला, 'बरं'. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. सूर आपण ओळखायचा.

ह्यांना उचलणं, अंघोळ घालणं, भरवणं, हे सगळं मी केलं. खोटा विनय कशाला? चोख केलं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. शाळेत जाताना बाहेरून कडी घालत असे, तीही नाइलाजाने. माझा गुन्हा तो नव्हे.

पुढे हे डाव्या हाताने चित्रं काढू लागले. त्याच पांढऱ्या पाट्यांवर. औषधाची बाटली, चार पायांची काठी, घास धरलेली माझी बोटं. रेषा थरथरत असे, पण नजर पेंटरची होती. जे दिसलं तेच उतरे.

दिव्यांग कलाकारांचं आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचं एक प्रदर्शन जव्हारात भरायचं ठरलं. ते भरवणाऱ्या संस्थेची सायली चित्रं निवडायला घरी आली. उत्साही मुलगी. एका अर्धवट पाटीपाशी थांबली. खिडकीचे गज, पलीकडे गल्ली, समोरच्या ओट्यावर कपबशी घेऊन बसलेली एक बाई — चेहरा अजून काढलेला नव्हता.

"काका, हे दारातच लावू," ती म्हणाली. "चेहरा तेवढा पूर्ण करा."

"बरं," हे म्हणाले.

तो ओटा मी ओळखला होता. कसा ओळखणार नाही?

एकदा शाळेतून आले, ती सरळ घरात न जाता समोरच्या मालतीवहिनींच्या ओट्यावर टेकले. चहा आला. आणि आमच्या घरातून ताटलीचा आवाज सुरू झाला. लघवीला जायचं असलं की हे डाव्या हाताने ताटली आपटत. तशी आमची खूण होती. मला ऐकू आलं. खिडकीतून हे दिसतही होते. मी उठले नाही.

"बाई, बोलवतात ओ तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या. "बसा ओ. चहा तरी प्या सुखानं. नवरा काय पळून जातोय?"

मी हसले. थांबा, नीट सांगते — मी ह्यांच्याकडे बघत हसले. आणि आणखी अर्धा कप मागून घेतला. ताटली वाजायची थांबली, तरी तो संपवला. आत गेले तेव्हा पलंग भिजलेला होता. मी चादर बदलली, ह्यांना पुसलं. दमले होते का? हो. पण दमून बसले नव्हते. आपलं सगळं माझ्या हातात आहे, हे ह्यांना कळावं म्हणून बसले होते.

त्या दिवसाबद्दल सांगायला ह्यांच्याकडे तोंड नव्हतं, लेखणी नव्हती. होती ती एक पाटी.

सायली गेल्यानंतर काही दिवसांनी चेहरा पूर्ण झाला. दुपारी हे झोपले असताना मी पांढऱ्याचा डबा उघडला. पहिला हात मारून होतो न होतो तोच हे जागे झाले. पहिल्या हातात काहीच पुरतं झाकलं जात नाही. गज दिसत होते, बाई दिसत होती. ओल्या फडक्याने पुसून घेता आलं असतं. हे उशीवरून बघत होते. मी काय केलं? रंग वाळू दिला. मग दुसरा हात मारला.

प्रदर्शन छान झालं. पोशेऱ्याच्या एका मूकबधिर मुलाचे मातीचे बैल होते, जामसरच्या एका अंध बाईंनी विणलेल्या टोपल्या होत्या. दारात मात्र घास धरलेली बोटं लावली होती. माझी.

"खिडकीचं कुठंय, बाई?" सायलीने विचारलं.

"मनासारखं उतरलं नाही म्हणून ह्यांनीच पुसून टाकलं," मी म्हणाले. खुर्चीतले हे शेजारीच होते.

"खरंच, काका?"

"बरं," हे म्हणाले. इतकी वर्षं मी ह्यांचे सूर ओळखत आले. तो मला ओळखता आला नाही. सायलीने होकार धरला.

मग सांभाळणाऱ्यांचा सत्कार झाला. मी शाल घेतली, नारळ घेतला. सेवेवर चार शब्द बोलले. चांगलं बोलते मी. मागच्या रांगेतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या. आणि मला — हेही सांगायलाच हवं — बरं वाटलं.

हे अजून चित्रं काढतात. केळी, तांब्या, कंदील. माणूस काढत नाहीत. लोक म्हणतात, किती शांत चित्रं.

पांढरा हात मारण्याआधी मी त्या चेहऱ्यापुढे बराच वेळ बसले होते. एखादी चूक शोधत होते. डोळे जास्त बारीक, ओठ जास्त ताणलेले, असं काहीतरी. म्हणजे म्हणता आलं असतं की ही मी नव्हे. कपाळापासून हनुवटीपर्यंत तपासलं. चूक नव्हती.