नाकतोड्याने फ्रीज धुतला

तो न्हावी होता, आणि सगळी गल्ली त्याला नाकतोडा म्हणायची. उड्या मारायचा म्हणून नव्हे, सदा नाक मुरडायचा म्हणून. दुकानात दिवसभर लोकांच्या डोक्यांत हात घालायचा. तिथे कोंडा, घाम, चिकट तेल, कशाचंच त्याला काही वाटत नसे. पण घरी ताटात एक केस सापडला की स्वारी जेवणावरून उठलीच. चहात साय तरंगली तरी कप बाजूला. ‘‘तुमच्या नाकाला वेगळी खोली बांधून द्यायला हवी,’’ बायको म्हणायची, आणि तो चहा मुकाट्याने स्वतः पिऊन टाकायची.

एकदा दोघं पंधरा दिवस मुलीकडे राहून आली. तिथे जिन्यावर पाय घसरून बायकोचा उजवा हात मोडला होता, त्यामुळे परतली ती प्लास्टर घालूनच. कुलूप काढून दार ढकललं मात्र, आतून असा भपकारा आला की नाकतोडा दोन पावलं मागे सरला. घरात काहीतरी मरून पडलंय, असंच त्याला वाटलं. मग फ्रीजचा दिवा बंद दिसला. त्यांची पाठ फिरल्याबरोबर फ्यूज उडाला असावा, आणि आत दूध, मासे, टोमॅटो, अंडी असा सगळा संसार भरलेला.

‘‘देऊन टाकू कुणाला तरी,’’ तो रुमालातून म्हणाला.

‘‘हा असा? भंगारवालासुद्धा पळून जाईल. धुवा.’’

‘‘मी?’’

‘‘नाहीतर काय, हे प्लास्टर धुणार?’’

ती खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसली. त्याने खिडक्या उघडल्या, तोंडाला दुकानातला टॉवेल बांधला आणि फ्रीजचं दार उघडलं. मासे पिशवीतच वितळून त्यांचा करड्या रंगाचा काला झाला होता. टोमॅटोंना पांढरी लव फुटली होती आणि ते आपल्याच पाण्यात पोहत होते. त्याने माशांची पिशवी दोन बोटांनी उचलली, तर तिचा तळ फाटला आणि सगळा रस त्याच्या पायांवर. कोमट, बुळबुळीत, बोटांच्या बेचक्यांत शिरणारा. तो तसाच एका पायावर नाचत मोरीकडे धावला.

घाण बाहेर गेल्यावर त्याने कोमट पाण्यात खायचा सोडा टाकला आणि व्हिनेगरची बाटलीही उचलली.

‘‘एकत्र नका ओतू हो!’’ बायको ओरडली. ‘‘नुसतं फसफसतं आणि दोन्ही वाया जातं. आधी सोड्याने पुसून घ्या. व्हिनेगर मागाहून.’’

त्याने पुसलं. दाराच्या रबराच्या घड्यांत जुना टूथब्रश फिरवला, तर बुटाच्या पॉलिशसारखी काळी बुरशी निघाली. पिवळे डाग अर्ध्या लिंबावर मीठ घेऊन घासले. लिंबाचा वास आणि माशाचा वास एक झाले, ते तर नुसत्या माशापेक्षा वाईट. दर थोड्या वेळाने त्याला उमासा येई, की तो खिडकीबाहेर डोकं काढून श्वास भरून घेई आणि परत येई. दुपार कलली तेव्हा फ्रीज आतून पांढराशुभ्र झाला होता. वास मात्र तसाच.

‘‘मागचं ताट काढलंत?’’ बायकोने विचारलं.

‘‘फ्रीजला ताट असतं?’’

‘‘आणला तेव्हापासून आहे. पाणी गळतं ना आतलं, ते त्यात साचतं.’’

त्याने फ्रीज पुढे ओढला, वाकून ताट बाहेर सरकवलं. बर्फाचं पाणी आणि माशांचा रस नळीतून खाली उतरून त्यात जमला होता. वर तपकिरी, सुरकुतलेली साय धरली होती. आणि ती साय हलत होती. अळ्या! नाकतोड्याला तोंड वळवायलाही वेळ मिळाला नाही. टॉवेल कसाबसा खाली ओढून शेजारच्या सोड्याच्या बादलीतच तो भडाभडा ओकला.

बायको खळखळून हसली. मग तिची नजर ताटाकडे गेली आणि ती पांढरीफटक पडली. डाव्या हाताने तोंड दाबून ती खिडकीकडे वळली.

‘‘तुला काय झालं?’’

‘‘किळस आली.’’

‘‘तुला? तुला कधीपासून किळस यायला लागली?’’

‘‘पहिल्यापासून.’’ ती डोळे पुसत म्हणाली. ‘‘मुलीची दुपटी, मामंजींचं अंथरुणातलं भांडं, तुंबलेली मोरी. दर वेळी पोटात ढवळायचं. पण तुम्ही आधीच नाक मुरडून मोकळे व्हायचात. घरात दुसऱ्या नाकाला जागाच उरायची नाही.’’

त्याने टॉवेल पुन्हा वर ओढून घट्ट केला, ताट उचललं आणि हात लांब करून, मान तिरकी ठेवून संडासाकडे निघाला. वाटेत एक अळी त्याच्या अंगठ्यावर चढली. तो किंचाळला, पण ताट त्याने सोडलं नाही. सगळं ओतलं, उकळतं पाणी टाकलं, सोड्याने घासलं, मग व्हिनेगर. आणि वास घेऊन बघितल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

फ्रीज दार उघडं ठेवून वाळवला, मग नवा फ्यूज घालून, आत सोड्याची वाटी ठेवून सुरू केला. कित्येक दिवस नाकतोडा त्यातलं पाणीसुद्धा पीत नव्हता. मासे तर त्याने वर्षभर घरात येऊ दिले नाहीत.

प्लास्टर निघाल्यावर बायको एकदा ते ताट काढायला वाकली, तेव्हा तो म्हणाला, ‘‘ठेव. तू बाहेर जाऊन बस.’’ तेव्हापासून ते काम त्याच्याकडेच आहे. ताट काढताना तो फ्रीजला, माशांना आणि फ्रीज बनवणाऱ्याला शिव्या घालतो, आणि उमासा त्याला दर वेळी येतोच.