कागदावर जाड झालेली माणसं

इंचीमास्तरांच्या गळ्यातला टेप म्हणे आंघोळीलाही उतरत नसे. ही खबर शेजारच्या इस्त्रीवाल्याची, म्हणजे निम्मी तरी सोडून द्यावी. पण मास्तरांच्या शिलाईच्या दुकानाबद्दल तो जे सांगायचा, त्यात काही खोट नव्हती. आत शिरलं की आधी चिंध्यांच्या गाठोड्याशी टक्कर, मग बटणांच्या डब्यांशी, आणि मास्तर दिसायचे ते सगळ्यात शेवटी. आठ बाय बाराच्या त्या खोलीत एक मशीन, एक मास्तर आणि तीस वर्षांचं ‘असू दे, लागेल कधीतरी’ सुखाने नांदत होतं.

शाळांचे गणवेश शिवून दिले की दीड-दोन महिने माशा मारायचे. त्या रिकामपणात एके दिवशी सून म्हणाली, “बाबा, मला कपड्यांच्या कारखान्यात बोलावलंय. सोमवारी कळवायचंय.”

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून ते नुसतेच बघत राहिले.

“घरी एका हातात भाजी आणि एका हातात फ्रॉक, किती दिवस चालायचं? दुकानात माझं मशीन मावलं असतं, तर कशाला गेले असते?”

सुनेचा हात सुरेख होता. ती कॉलर आपल्यापेक्षा सुबक बसवते हे मास्तरांनी कबूल केलं होतं, पण मनातल्या मनात आणि तेही हळूच. शिवाय बायको जाऊन पाच वर्षं झालेली, मुलगा ट्रकवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. दिवसभरात भांडायला माणूस म्हणून ही एकच. ती कारखान्यात गेली की मास्तरांनी बोलायचं कुणाशी, मशीनशी?

त्यांनी टाचण्या काढल्या. “मावेल. उद्यापासून आवरू.”

आवरणं म्हणजे काय, तर सून टाकायची आणि मास्तर उचलायचे.

“हे एकच बटण आहे, बाबा.”

“जोडीदार येईल की.”

“बावीस वर्षं झाली म्हणालात!”

“काहीजण उशिराच येतात.”

तरी चार दिवसांत चिंध्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे पुसायला गेल्या आणि दुकानाची फरशी कुठल्या रंगाची आहे हे मास्तरांनाच नव्याने कळलं. राहिले ते खिळ्यांना टांगलेले कागद. मास्तर प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाच्या मापाचा खाकी कागद एकदाच बेतून ठेवायचे आणि पुढचे सगळे कपडे त्यावरून कापायचे. गिऱ्हाईक सुटलेलं दिसलं, की नवा कागद नाही; जुन्यालाच कडेने एक पट्टी चिकटवायची. बँकेतल्या साहेबांच्या पोटावर तर अशा सहा पट्ट्या होत्या.

शनिवारी मास्तर डोळे तपासायला गेले आणि सून उत्साहाने कागदांना भिडली. ती शिवणाच्या वर्गात शिकलेली; तिकडे कागद कसे कोरे, सरळ कडेचे. तिला त्या पट्ट्या म्हणजे फाटक्या कागदाची ठिगळं वाटली. तिने एकूण एक सोलून काढल्या, कागदांना इस्त्री केली आणि ओळीने टांगून ठेवले.

मास्तर आले, चष्मा पुसला, परत घातला. “साहेबांचं पोट कुठाय?”

“कुठलं पोट?”

“अगं, ती ठिगळं नव्हती! वीस वर्षांची जेवणं होती लोकांची!” मास्तर स्टुलावर मटकन बसले.

सुनेचं तोंड एवढंसं झालं. “मी जाते बाबा कारखान्यात. इथे राहून नुसता नासच करणार मी.”

रविवारी सकाळी मास्तरांनी गळ्यातला टेप काढून तिच्या हातात ठेवला (इस्त्रीवाला दारात येऊन बघून गेला) आणि म्हणाले, “चल. घरोघर मापं घेऊ. नाहीतरी कामाचा कुठे डोंगर पडलाय?”

साहेबांनी टेप बघताच छाती फुगवून पोट आत ओढलं. “श्वास सोडा, काका,” सून म्हणाली. “पँट काय श्वास धरून घालणार?” साहेबांपेक्षा त्यांची बायकोच जास्त हसली.

मग निवृत्त ग्रंथपालांचं घर. सुनेने छाती मोजली. “बाबा, छत्तीस.”

“चाळीस असेल. पुन्हा घे.”

पुन्हा छत्तीसच. आणि तेव्हा मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या कागदावर माणसं फक्त जाड व्हायची. कुणी वाळलं, कुणी म्हातारं झालं, तरी पट्टी कधी निघाली नव्हती.

“म्हणजे मागचे तीन कोट?”

“आतून दोन-दोन टाके घालते मी,” ग्रंथपालांच्या बायकोने सांगून टाकलं.

“मग बोलला का नाहीत?”

ग्रंथपाल ओशाळले. “पहिला सैल झाला तो तुमच्या घरी ते दुःख झालं त्या महिन्यातला. तेव्हा कसं सांगणार? मग दुसऱ्याच्या वेळी म्हटलं, आता काय सांगायचं!”

पुढच्या घरी नर्सबाईंच्या बाह्या दुमडलेल्या निघाल्या. इस्त्रीवाल्याचा काका तर पाच वर्षं पट्टा आवळून चालत होता. अख्खी गल्ली मास्तरांना सांभाळून घेत होती आणि इस्त्रीवाल्याच्या पोटातही एवढी मोठी बातमी राहिली होती! परतताना मास्तरांनी दोनदा डोळे पुसले. विचारलं तर म्हणाले, डॉक्टरने थेंब टाकलेत.

दुकानाशी ते थांबले. “तू पट्ट्या काढल्यास म्हणून कळलं. नाहीतर या भल्या माणसांना मी शेवटपर्यंत तंबूच शिवून दिले असते. मला नुसतं चिकटवता येतं, सूनबाई. काढणारं कुणीतरी हवंय. कारखान्याला काय सांगतेस?”

“माझं मशीन कुठे ठेवणार ते आधी सांगा.”

“खिडकीपाशी.”

“तिथे तर तुम्ही बसता.”

“तीस वर्षं बसलो. दिसलं का काही?”

सोमवारी सुनेने कारखान्यात फोन करून येत नसल्याचं कळवलं आणि खिडकीतल्या उजेडात ग्रंथपालांसाठी कोरा कागद पसरला. खडूने छत्तीसची रेघ मारली, कात्री उचलली. मग एकदा मास्तरांकडे पाहिलं.

“काप बिनधास्त,” मास्तर म्हणाले आणि कागद हलू नये म्हणून समोरून दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.