पिंजाऱ्याच्या घराचा विमा

जळगावात कापसातली सरकी काढणारं एक जिन होतं; त्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत नूर महंमद पिंजारी राहायचा. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आणि अर्धं घर कापसाच्या गाठोड्यांनी भरलेलं. लहानपणी त्यानं बापाचं घर जळताना पाहिलं होतं. ते भय हाडात मुरलेलं. जिनाच्या मालकानं आगीचा विमा उतरवला, जळालं तर कंपनी भरून देते, हे ऐकलं तेव्हा तो हरखूनच गेला. कंपनीचा एजंट मगन त्याच गल्लीतला. नूर त्याच्या ओट्यावर जाऊन बसला.

"मगनभाऊ, माझ्या घराचाही उतरवा."

पावसाळ्यात मुंबईहून तपासनीस आला. मगननं त्याला नूरच्या दारी आणलं. साहेब उंबरठ्याच्या आत आलाच नाही.

"चूल आणि कापूस एकाच छपराखाली? असं घर आम्ही विम्याला घेत नाही. कापूस बाहेर काढा, कौलं घाला, मग बघू."

नूरनं तो शब्दच धरला. पिंजण आणि कापसाची गाठोडी उचलून गावाबाहेरच्या पडक्या गोठ्यात नेली. बायकोनं, अनवरीनं, चांदीचे तोडे मोडले. कूड जाऊन विटा आल्या, गवत जाऊन कौलं आली. गोठ्यापर्यंत गिऱ्हाईक फिरकेना, चूल कधी पेटे कधी न पेटे. तरी नूर म्हणायचा, "होऊ दे. आता डोळा लागेल."

दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या गावात येऊ लागल्या. तपासनीस जिनात येऊन परस्पर निघून गेला. नूरकडे आला तो एकटा मगन.

"दुसरा गावमा दोन जिन जळी ग्यात, नूरभाऊ. कंपनीनी आपली बठ्ठी गल्लीना विमा बंद करी टाका."

"सगळ्या गल्लीचा? पण त्यांनी सांगितलं ते सगळं केलं ना मी!"

"तुन्हं घर चांगलं शे. पन कंपनी घर नई देखस, शेजार देखस. पुढला पावसाळामा देखू. कापूस गावमा नई राहस, तवय कंपनी घर लेस."

"आणि जिनाचा विमा?"

"त्यासना बंब शे, हौद शे. जुनं गिऱ्हाईक शे ते." मगननं मान खाली घातली. "मन्हं घर बी नई लिधं त्यासनी."

चैत्रात भरदुपारी जिनात ठिणगी पडली. वारा गल्लीच्या दिशेनं वाहत होता. हौदातलं पाणी जिनावरच संपलं, आणि सगळी गल्ली पेटली. नूर अनवरीला ओढत बाहेर आला तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. समोर मगन आपल्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन धावत होता. मागे वळून पाहायला दोघांनाही सवड नव्हती.

चार-सहा दिवसांनी तपासनीस जिनाचं नुकसान मोजायला आला. राखेतून बूट जपत चालताना त्यानं नूरला ओळखलं.

"तुम्ही कौलं घातली होती ना? चांगलं काम केलं होतं."

साहेब पुढे गेला.

विम्याच्या पैशातून जिन पुन्हा उभं राहिलं, पहिल्यापेक्षा मोठं. नूर अनवरीला घेऊन धुळ्याला मेहुण्याच्या पडवीत राहायला गेला. तिची बोटं आखडली ती आखडलीच. घास तोच भरवायचा. दिवसा तो दुसऱ्याच्या दुकानात मजुरीनं पिंजायचा.

"घरी कधी जायचं?" ती अधूनमधून विचारायची.

"जेव," तो म्हणायचा, आणि पुढचा घास उचलायचा.