अण्णांनी नवी मशीन घेतली

टायपिंग क्लासात शिकवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. परभणीत मी शिकवायचो त्या क्लासातले निम्मे किस्से एकाच मशीनचे. मराठीची मशीन तेवढी एकच!

*

क्लासाचे मालक अण्णा. नवी मशीन घ्या म्हटलं की त्यांचं ठरलेलं, "चालायलीय ना? मंग नवी कशाला?" कागद सरकवणारं कॅरेज अडकायला लागलं तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला. नांदेडचा एक विक्रेता आला, दोन कळा दाबल्या, चहा प्याला आणि म्हणाला, "अण्णा, ही विकू नका. तिकीट लावून दाखवा!"

अण्णांनी त्याला अजून एक चहा पाजला आणि वाटेला लावलं.

*

ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजते. आमची बंद पडलेली, म्हणून अण्णा शेजारी बसून तोंडानं "टिंग" म्हणायचे. परीक्षेला आपापली मशीन हातगाडीवर घालून न्यायची पद्धत. तिथं आमचा एक पठ्ठ्या ओळ संपली तरी गप्प बसून. परीक्षकानं विचारलं तर म्हणतो, "अण्णा आले न्हाईत अजून!"

नापास झाला बिचारा. तरी मशीन तीच.

*

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात दंगलीमुळं क्लास पंधरा दिवस बंद होता. उघडला तेव्हा आठच्या तासाला मराठीच्या मशीनवर बसणारी सुलोचना आली, रिकाम्या हातानं. तिच्या गावात बौद्धवाडा पेटवला होता.

"वही कुठाय?" मी मूर्खासारखं विचारलं.

"घरासंगं जळाली, सर." मग तीच म्हणाली, "परीक्षा हाय तवाच हाय ना?"

पास झाली तर क्लार्कची नोकरी. त्या घराला तेवढाच आधार उरला होता.

*

नऊच्या तासाला त्याच मशीनवर बाळासाहेब, सोनपेठकडच्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. आता तो फडक्यानं कळा पुसून बसायला लागला. धूळबीळ काही नव्हती! एके दिवशी चारजणांना घेऊन आला. "अण्णा, आमाला येगळी मशीन घ्या. न्हाईतर त्या पोरीला काढा."

अण्णा एवढंच म्हणाले, "बघू."

लय राग आला मला अण्णांचा. पोरीचं नाव कटलं, असंच मी धरून चाललो.

*

महिन्याभरात नवी कोरी मशीन आली. अण्णा म्हणाले, "आता घ्यायची वेळ झाली." बाळासाहेब खुशीत आठलाच मशीनला हार घेऊन हजर, सोबत ते चौघंही.

अण्णांनी सुलोचनाला बोलावलं. "बस. परीक्षेलाबी हीच न्यायची."

"मंग आमी?" बाळासाहेबाचा चेहरा उतरला.

"तुमाला जुनी. बसायचं तर बसा."

अण्णांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "दहा मिनिटं. सुरू!"

कळा वाजायला लागल्या. बाळासाहेब हार धरून नव्या मशीनसमोर तसाच उभा. सुलोचनानं हात थांबवले, मान वर केली.

"दादा, हार घालायचा तर घाला लवकर. माझा टाइम जायलाय."