सुभेदारसाहेबांचे हात

सुभेदारसाहेबांचं माप घेणं म्हणजे खांबाचं माप घेणं होतं. ब्रह्मदेशच्या लढाईवरून परतल्यापासून ते लोधीपुऱ्यात माझ्याकडेच कपडे शिवायला येत. "साहेब, हात सैल सोडा," म्हटलं की म्हणायचे, "सैलच आहेत, मास्टर. लिख लो." हात मात्र मांडीला चिकटलेले.

संस्थानं विलीन झाली, पहिली निवडणूक आली आणि पक्षानं त्यांना उभं केलं. खादीचा कुर्ता शिवायला आले, तेव्हा पक्षाचा एक माणूस बरोबर होता. माझ्याच आरशासमोर तो त्यांना हात जोडायला शिकवत होता, कारण कोणी रामराम केला की साहेबांचा उजवा हात आपोआप कपाळाकडे जायचा.

"साहेब, ही जनता आहे, पलटन नाही."

"फौजेत आपण सलाम घेतल्याशिवाय समोरच्याचा हात खाली येत नाही, भाऊ," साहेब म्हणाले आणि पुन्हा हात जोडू लागले. बाह्या ओढत होत्या. मी त्या थोड्या सैल केल्या.

साहेब आमदार झाले. आता मापाला उभे राहिले की हात छान सैल सुटत.

एकदा ते दुकानात असताना निंबोल्याचा एक लंगडा शेतकरी दारात आला. त्यांच्याच पलटणीतला जवान. काठी भिंतीला टेकवून त्यानं कडक सलाम ठोकला. "सुभेदारसाब!"

साहेबांनी हसून दोन्ही हात जोडले. "या, या," म्हणाले आणि बरोबरच्या माणसांशी बोलू लागले.

तो एका पायावर तसाच उभा, हात अजून कपाळाला. शेवटी मीच उठलो आणि काठी त्याच्या हातात दिली.